आबाची नडगी

पडेगावच्या रिक्षा स्टँडवर मला समदे ‘दोन हात’ म्हणतात. मी रिक्षा भिंतीला लावतो तवा भिंतीत आन् रिक्षात दोन हात जागा सोडतो, म्हणून. मागची पोरं कावतात. “ओ मामा, मधी काय म्हैस बांधायचीय का?” मी म्हणतो, “तुझ्या सासूला जागा ठिवलीय, येती म्हणली.” हसतात. हसले की पुढचं कुणी इचारत नाय. मी आजवर असंच निभावलं. कुणी दुखऱ्या जागेजवळ आलं की एक फेकायची, माणूस हसतो आन् हसत हसत दुसरीकडं जातो. शाळंत मी एकदाच गेलो, तेबी आमची शेरडी मास्तरांच्या खोलीत घुसली म्हणून तिला काढायला. त्यामुळं हे मी बोलायलोय आन् नात लिवून घ्यायलीय. तिला सांगितलंय, नीटनेटकं करू नको, जसं येडंवाकडं येतंय तसंच राहू दे.

त्या उन्हाळ्यात आमचं पाल हर्सूलच्या तलावामागं, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात होतं. पाल म्हंजी काय, चार काठ्या, ठिगळाची ताडपत्री, तीन दगडांची चूल, एक घोडं, दोन कुत्री, माय, आबा आन् मी. मेंढरं रानात बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान पिकायचं, त्याच्याबदली शेतकरी ज्वारी द्यायचा. घड्याळ आमच्याकडं नव्हतं. हर्सूलच्या जेलात टोल पडायचा, त्याच्यावर आमचं समदं चालायचं. माय म्हणायची, “कैद्यांचं झालं असंल आता, चला, आपलंबी उरकून घ्या.” येसराची आमटी चुलीवर रटरटायची, तिचा ठसका पार पाण्यापतूर जायचा. माय भाकर थापायची त्याचा आवाज मला अजून येतो. थप थप थप, मग एक दम, मग तव्यावर टाकल्याचा चर्र आवाज. तिच्या भाकरी मी सहा खायचो आन् सातवीला लाजायचो. आबा म्हणायचा, “खा, खा. कामाला नसला तरी भाकरीला गडी चांगला हाय.” खोटं नव्हतं ते.

दिस कलला की वाघूर लागायची. वाघूर म्हंजी सुताच्या दोऱ्यांचं उंच जाळं. काठ्या रोवून गोल उभं करायचं आन् एका अंगाला तोंड ठिवायचं, एक मेंढरू जाईल एवढंच. आबा त्या तोंडाशी उभा राहायचा, डावा पाय आडवा टाकून. धूळ उडायची म्हणून डोळे मिटायचा. मेंढरं एकामागं एक त्याच्या नडगीला घासून आत जायची. आबाला इसाच्या पुढं मोजता यायचं नाय, पण कोण आलं, कोण मागं राहिलं, हे त्याला ती नडगी सांगायची. “ही कानतुटी. ही तलाठीण. ही मावशी, आज लंगडायली, काटा बग तिचा.” डोळे मिटलेलेच. एडका मुसंडी मारत वाकडा घुसला तर आबा हलायचा नाय. नडगी तशीच आडवी, आन् तोंडानं हळूच, “हुर्र... हुर्र...” एवढंच. एडका थांबायचाच. त्या पायाला मी कधी हरलेलं बगितलं नव्हतं.

कधीकधी आबा मला तिथं उभं करायचा. “मीट डोळे. सांग, कोण गेली?” मी म्हणायचो, “सासूबाई.” “आन् ही?” “तिची धाकली बहीण.” माय चुलीपाशी हसायची. आबा हसायचा नाय. “हसण्यावारी नेऊ नको, मल्ह्या. माझ्या मागं तुलाच उभं राहायचंय हिथं.” मल्हारी माझं नाव. मला त्या समद्यांत एकच ओळखू यायची, मावशी. म्हातारी मेंढी होती. घासून जाताना मधीच थांबायची आन् नडगीला अंग टेकून दम खायची. बाकी माझ्या नडगीला समदी लोकर सारखीच. आज वाटतं, शिकलो असतो तर काय बिघडलं असतं? पण तवा मला मेंढरांचा वास नको होता. मला पेट्रोलचा वास पायजे होता.

तलावाच्या पलीकडच्या काठाला एका ठेकेदारानं बोटी आणल्या होत्या. पायानं पायडल मारायच्या, हंसाच्या तोंडाच्या पाच-सहा, आन् एक मोटारबोट. लाल. मी मेंढरं पाण्यावर नेली की ती बगत बसायचो. एक दिस तिचं इंजन मधीच बंद पडलं आन् वाऱ्यानं तिला ढकलत ढकलत आमच्या काठाला आणलं, नेमकी मेंढरांच्या मधी. बोटीतल्या बाया ओरडायल्या, मेंढरं ओरडायली, कोण कुणाला भ्यायलंय कळंना. मी छातीइतक्या पाण्यात उतरलो, बोटीचा दोर दातात धरला (दातात कशाला धरला इचारू नका, हात रिकामेच होते) आन् बोट काठाला ओढून आणली. चालवणारा करीमचाचा, पांढरी दाढी, आधी ट्रकांचा मिस्त्री होता. हसून हसून त्याला ठसका लागला. “क्या रे बच्चे, बैल है क्या तू? चल, काम करता मेरे पास?” मी मेंढरं तिथंच आबाकडं हाकलली आन् ओल्या कपड्यानं चाचाच्या मागं गेलो. आबा लांबून बगत होता. त्यानं हाक मारली नाय.

लोकांना वाटतं बोट चालवणं अवघड. चालवणं काय, पाणी मोकळं, चाक धरून बसा. अवघड असतं ते परत आणून गाळ्यात घालणं. आमचा गाळा म्हंजी डाव्या अंगाला घाटाची दगडी भिंत आन् उजव्या अंगाला पिंपांवर फळ्या ठोकलेला तराफा, त्याला हंस बांधलेले. मधी बोट जायची, दोन्हीकडून वीतभर जागा उरायची. बोटीला ब्रेक नसतो. ही गोष्ट मला तीन दिस खरी वाटली नाय, मी पायानं ब्रेक शोधायचो. खटका, म्हंजी गिअरचा दांडा, पुढं टाकला की पुढं, मागं टाकला की मागं, मधी ठिवला की ती आपली जाईल तिकडं जाती. आन् खटका मधी असला की चाकाला काय अर्थ नाय, पोराचं खेळणं फिरवल्यासारखं. त्यातबी खरी मेख अशी की बोट तोंडानं वळत नाय, ढुंगणानं वळती. तुम्ही तोंडाकडं बगत बसता आन् मागचं बूड जाऊन भिंतीला बसतं. चाचा म्हणायचा, “पानी पे हुकूम नै चलता मियाँ, मनाना पडता. लांब से खटका बीच में डाल. हवा किधर से है देख. आखिर में जरासा पीछे का खटका दे, बस, खडी रैती.”

मी पहिल्या आठवड्यात दोन हंसांच्या माना मोडल्या. तिसऱ्याची चोच. ठेकेदार म्हणाला, याला काढा. चाचा म्हणाला, “रहने दो सेठ, ये है तो लोगां आते.” ते खरं होतं. लोक बोटीत बसले की त्यांना नियम सांगायचं काम माझ्याकडं होतं. नियम एकच, चाचाचा. काय बी झालं तरी हात-पाय बाहेर काढायचा नाय. बोट धडकायली तर धडकू द्यायची, लाकूड नवीन मिळतं. मी त्याचं सोंग केलं होतं. “ऐका हो मंडळी, ज्यांना बायकोचं लुगडं धुवायला पाय ठिवायचेत त्यांनी आत ठिवा. ज्यांना घरी काय कामच नाय त्यांनी बाहेर काढा!” पब्लिक हसून लोळायची. लोक तिकिटाच्या खिडकीवर इचारायचे, तो बडबड्या हाय का आज? मी हवेत. महिनाभरात गाळाबी जमला. एक दिस बोट अशी आत गेली की ना भिंतीला लागली ना तराफ्याला, लोणी कापल्यासारखी. चाचानं काठावरून नुसती मान हलवली. तेवढ्या मान हलवण्यावर मी आठ दिस जेवलो.

घरी आबा बोलायचा नाय. मी सकाळी जायचो, दिस कलता यायचो, तवर वाघूर लागलेली. मायच मधी पडली. “अवो, पोरगं काय करायलंय एकदा बगून तर या. पाण्यावर काय जादू करायलंय गावाला दिसती, आपल्यालाच दिसत नाय.” आबा म्हणाला, “पाणी पिण्यासाठी असतं.” पण दुसऱ्या दिशी दुपारी मेंढरं झाडाखाली बसवून, कुत्री राखणीला ठिवून तो आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पटका नवा बांधलेला. नवा पटका तो लग्नालाच बांधायचा. मीच त्याचा हात धरून घाटावर नेला. मीच त्याला खालच्या पायरीवर, गाळ्याच्या अगदी तोंडाशी उभं केलं. म्हणलं, “आबा, हिथनं बगा. तुमच्या वाघुरीसारखंच हाय. तुम्ही तोंडाशी, मी मेंढरू घेऊन येतो.” आबानं भिंतीकडं बगितलं, तराफ्याकडं बगितलं, मधली जागा नजरेनं मापली. म्हणाला, “तोंड बारीक ठिवलंय.” तेवढंच. पण त्यात त्याला पटल्यासारखं होतं. बोटीत बसणाऱ्या पन्नास माणसांना मी रोज सांगायचो, पाय बाहेर काढू नका. काठावर उभं असलेल्याला कोण सांगतं?

बोटीत एक लग्नाची मंडळी होती, नवरा-नवरी, करवल्या, एक जाडजूड मामा. मी एक चक्कर जास्तीची मारली, आबानं बगावं म्हणून. परत येताना तराफ्याच्या अंगानं वारा सुटलेला, बोटीला भिंतीकडं ढकलायला. चाचानं लांबून हात वर केला, म्हंजी खटका मधी घे. मी घेतला. इथपतूर समदं बराबर. आता नजर गाळ्यावर ठिवायची आन् शेवटी मागचा खटका जरासा. पण तो जाडा मामा म्हणाला, “ओ बडबड्या, बोट आत जाती का नाय? का आम्हालाच उतरून ढकलावी लागंल?” आन् मी मागं वळलो. का तर उत्तर द्यायला. म्हणलं, “मामा, तुम्ही उतरलात तर तलाव रिकामा हुईल!” हसली मंडळी. एवढ्यासाठी. अख्ख्या आयुष्यात मी हजार इनोद केले असतील, त्यातला हा एक कुणी परत घेतो म्हणालं तर बाकीचे नऊशे नव्याण्णव फुकट देतो.

पुढं बगितलं तर भिंत लई जवळ. मी घाबरून मागचा खटका जोरात ओढला, चाक फिरवलेलं तसंच. बोटीचं तोंड थांबलं आन् मागचं बूड भिंतीकडं फिरलं, वाकडं, एडक्यानं मुसंडी मारावी तसं. आबानं ते बगितलं. त्यानं जे आयुष्यभर केलं तेच केलं. मागं सरला नाय. काठी बाजूला धरली, डावा पाय आडवा टाकला आन् म्हणाला, “हुर्र... हुर्र...”

बोट थांबली, पण ती नडगीनं नाय, भिंतीनं थांबली. नडगी मधी होती. आवाज आला. तो मी सांगणार नाय, नातीला म्हणलं, हिथं रिकामी जागा सोड. आबा ओरडला नाय. बोटीतली मंडळी हसायली, त्यांना वाटलं हा बी माझ्या सोंगातलाच म्हातारा हाय. आन् माझं तोंड, ते तर आधीच्या इनोदाचं हसतच होतं. आबानं माझ्याकडं बगितलं तवा त्याला त्याचा पोरगा हसताना दिसला. मी नंतर किती येळा म्हणलं, आबा मी हसत नव्हतो. आबा म्हणायचा, “मला ठावं हाय.” पण त्यानं जे बगितलं ते बगितलंच की.

करीमचाचा पाण्यात उडी मारून आला, खांद्यानं बोट ढकलली, स्वतःचा रुमाल फाडून पाय बांधला. दवाखान्यापतूर आबाला मांडीवर घेऊन तोच बसला, मी नुसता नवा पटका हातात धरून. पटक्याला एक डाग नव्हता. नंतर चाचा पालावर यायचा, जिलबी आणायचा, आबासमोर उकिडवा बसायचा. दोघांना एकमेकांची बोली धड कळायची नाय. एकदा चाचा मला म्हणाला, “तेरे कू खटका सिखाया, हवा सिखाई. किनारे पे कौन खडा है वो देख, ये नै सिखाया. मेरी गलती है.” मी म्हणलं, “चाचा, तुमची कशी?” तर म्हणाला, “फिर किसकी बोलूँ रे? तू तो बच्चा है.” मी एकोणीस वर्षांचा घोडा होतो.

पाय राहिला, कापावा लागला नाय. पण डॉक्टरनं सांगितलं, नस गेली, गुडघ्याखाली काय लागलेलं कळायचं नाय आन् लांब चालायचं नाय. मेंढरं म्हंजी तर चालणंच. माय म्हणाली, “मल्ह्या नेईल की.” मी पंधरा दिस नेली. मेंढरांना आबाची हाक ठावं, माझी कुठं ठावं? रोज एखादं मागं राहायचं आन् मला कळायचंच नाय की राहिलंय. आबा पालात पडल्या पडल्या नुसतं पायांच्या आवाजावरनं म्हणायचा, “तलाठीण आली नाय वाटतं.” मी परत पळायचो. मग एका सकाळी त्यानंच सांगितलं, अजिंठ्याकडचा एक पाहुणा मेंढरं घ्यायला तयार हाय, येऊ दे त्याला. माय तवा चुलीपाशी होती. थप थप आवाज मधीच बंद झाला, मग पुन्हा चालू झाला.

पाहुणा सकाळी येणार, त्याच्या आधीची सांज. मी वाघूर लावली. आबा म्हणाला, “मला तोंडाशी बसव.” उभं राहता येत नव्हतं, म्हणून घोड्याचं खोगीर ठिवून त्याच्यावर बसवला. त्यानं दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आन् आडवा ठिवला, जसं दुसऱ्या कुणाचं सामान ठिवावं तसं. डोळे मिटले. मेंढरं आली. पहिलं मेंढरू नडगीला घासून गेलं आन् आबा गप. दुसरं गेलं, गप. तिसऱ्याला त्यानं इचारलं, “कोण गेली रं?”

मला काय ठावं कोण गेली? मी म्हणलं, “कानतुटी.” गेली तिचे दोन्ही कान धड होते. “आन् ही?” “तलाठीण.” “ही?” आता मला नावं सुचंनात. म्हणलं, “मावशी.” पुढं दोन-चार काहीबाही नावं फेकली, परत अडकलो, परत म्हणलं, “मावशी.” असं चाललं. धूळ उडायलेली, जेलातला टोल पडला, माय चूल सोडून येऊन उभी राहिली. थोड्या येळानं आबा डोळे न उघडता म्हणाला, “मल्ह्या, मावशी तिसऱ्यांदा आत चालली.”

मला हसू फुटलं. आबालाबी फुटलं. मला वाटतं माझ्या इनोदावर आबा जन्मात तेवढाच एकदा हसला. माय पदर तोंडाला लावून मागं फिरली. मी म्हणलं, “बास का आबा?” तर म्हणाला, “नको. सांग, सांग. थांबू नको.” मग मी शेवटच्या मेंढरापतूर सांगत गेलो. सासूबाई गेली. तिची धाकली बहीण गेली. नवी करवली गेली. आबा प्रत्येकीला “व्हय” म्हणत गेला. सगळ्यात शेवटी खरी मावशी आली. ती आपली नेहमीसारखी मधीच थांबली, नडगीला अंग टेकलं आन् दम खात उभी राहिली. तिचं नाव मी आधीच तीनदा खर्ची घातलं होतं. आबा वाट बगत बसला. त्याच्या तोंडावरनं मला दिसलं, ती टेकलीय हे त्याला कळलंच नाय. मग ती गेली आत.

वाघुरीचं तोंड आतनं बांधायचं होतं. मी आबाच्या पायापाशी आलो आन् ओलांडायच्या ऐवजी मेंढरासारखा घासून गेलो. माझी नडगी त्याच्या नडगीवर दाबून, लई हळू. आत जाऊन उभा राहिलो.

आबाचे डोळे मिटलेलेच. पाय आडवाच.

“झालं का रं?” त्यानं बाहेरच्या अंगाला तोंड करून इचारलं, मी अजून तिकडंच हाय असं समजून. “समदी आली?”

“समदी आली, आबा,” मी आतनं म्हणलं.